पहिल्या धारेची अभिरुची

मराठीच्या अध्यापकवर्गात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एका नव्या रसिकतेने मूळ धरले आहे. चर्चासत्राचे सूप वाजले, पाहुणे वक्ते विश्रामगृहावर परतले, की ‘सिंगल माल्ट’विषयीचे संभाषण सुरू होते. अमक्या बाटलीत पीटचा धूर जाणवतो, तमकीत सुक्या अंजिराचा गंध आहे, पाण्याचे चार थेंब पडल्यावर तिचे ‘व्यक्तिमत्त्व’ उलगडते, अशी ही भाषा असते. पहिल्या घोटात ती कोणालाच आवडत नाही, त्यासाठी जीभ घडवावी लागते, हेही आवर्जून सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच मंडळी आदिवासी साहित्यावरचे निबंध वाचतात. त्या निबंधांत मोहाच्या दारूचा उल्लेख आला की शब्दकोश बदलतो. तेथे व्यसनाधीनता असते, अज्ञान असते, फार तर ‘दुःख विसरण्याचे साधन’ असते. तेथे गंध नसतो, चव नसते आणि घडलेली जीभ तर मुळीच नसते.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप कोणाच्या पिण्यावर नाही. शब्दांच्या या वाटपावर आहे. आणि शब्दांचे वाटप हा ज्यांचा व्यवसाय, त्या आपणा साहित्याच्या शिक्षकांवर आहे.

प्रथम या प्रतिष्ठेची वंशावळ पाहावी. मोड आणलेल्या सातूपासून, एकाच कारखान्यात, तांब्याच्या भट्टीतून गाळलेली आणि किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरलेली, ती स्कॉटिश सिंगल माल्ट. तिच्याभोवती आज शतकांचे धुके पसरलेले दिसते. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले पुष्कळसे गाळप बेकायदा होते. सरकारी अबकारी अंमलदार आणि दऱ्याखोऱ्यांतले भट्टीवाले यांचा पाठशिवणीचा खेळ तेथेही रंगलेला होता. 1823 च्या कायद्याने कर उतरवला, परवाना सुलभ केला. 1824 मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो परवाना घेतला आणि कालचा गुन्हा हळूहळू उद्योग झाला. पिंपात मुरवण्याची सक्ती तर 1915 च्या कायद्याने आली. इतर माल्टच्या मिश्रणात न घालता एकाच कारखान्याची व्हिस्की तिच्या नावाने परदेशी बाजारात जोमाने विकण्याची मोहीम ग्लेनफिडिकने हाती घेतली, ती 1963 साली. ज्या अभिरुचीपुढे आपण सनातन परंपरा म्हणून नतमस्तक होतो, तिचे आजचे रूप ‘कोसला’चे समवयस्क आहे. भालचंद्र नेमाड्यांची ती कादंबरीही 1963 चीच.

आता भामरागडकडे वळू. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे गाव, पलीकडे छत्तीसगड. 1973 पासून लगतच्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प उभा असल्यामुळे मराठी वाचकाला हा प्रदेश नावाने तरी ठाऊक आहे. येथे फाल्गुन-चैत्रात मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले रात्रीतून गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच साफ केलेला असतो. उजाडण्यापूर्वी बायकामुले टोपल्या घेऊन जातात. उन्हाआधी आणि जनावरांआधी फूल उचलावे लागते. अंगणात वाळून ते तांबूस-तपकिरी होते. ते प्रथम अन्न असते. भाजून, उकडून खाल्ले जाते. नद्यांना पूर येऊन वाटा तुटतात त्या दिवसांसाठी साठवले जाते. त्यातले काही फूल भिजते, आंबते, चुलीवर चढते. वाफेला थंड पाण्याच्या भांड्याचा तळ लागतो आणि थेंब उतरू लागतात. त्यातले पहिले पूर्वजांना आणि देवांना जातात. जन्म, लग्न, मरण यांपैकी कोणताही विधी तिच्यावाचून पुरा होत नाही.

यात ज्ञान नाही असे कोण म्हणेल? कोणते फूल चांगले वाळले, किती दिवस आंबवायचे, विस्तव कोठे मंद करायचा, धार कधी तोडायची, हे सारे नाकाने आणि जिभेने ठरते. स्कॉटलंडचा कारागीरही पहिली आणि शेवटची धार बाजूला काढून मधलीच राखतो. त्या निर्णयाला तेथे कला म्हणतात. गंमत अशी की मराठी भाषेने या ज्ञानाची नोंद केव्हाच घेतलेली आहे. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आपण अस्सलपणाची परमावधी सांगण्यासाठी कविता, गाणे, विनोद कशालाही लावतो. तो हातभट्टीवरून आलेला आहे. विशेषण आपण उचलले. ज्यांच्या चुलीवरून ते आले त्यांची रसिकता मात्र मान्य केली नाही.

सौंदर्यशास्त्राच्या तासाला आपण डेव्हिड ह्यूमचा अभिरुचीच्या निकषावरील 1757 चा निबंध शिकवतो. ह्यूम एडिंबरोचा. ‘डॉन किहोटे’मधल्या सँको पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट तो सांगतो. मद्याची पारख करताना एकाला त्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा बंद लावलेली किल्ली सापडते. सूक्ष्म अभिरुचीचा दाखला म्हणून ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना कौतुकाने ऐकवतो. परंतु ते दोघे खेडूत सँकोचे नातलग होते, हे सांगायचे राहून जाते. भरताच्या नाट्यशास्त्रात रसाची कल्पना समजावताना दृष्टांत येतो तो जेवणाचा. पूर्व-पश्चिमेच्या दोन्ही मीमांसांत आस्वादाचा पाया जिभेवर आहे. मग माडिया म्हातारीची जीभ या शास्त्राच्या बाहेर कोणत्या नियमाने राहिली?

हा नियम रसशास्त्राचा नाही, अबकारीचा आहे. स्कॉटलंडच्या डोंगराला सवलत देणाऱ्या साम्राज्यानेच त्याच शतकात येथे उलटे धोरण राबवले. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा झाला. 1892 मध्ये तर खास मोहफुलांवरच कायदा करून ठाणे-कुलाब्याकडे ती बाळगण्यावर निर्बंध आले. भामरागड तेव्हा मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होते, त्यामुळे हे कायदे तेथले नव्हेत. पण घरची चूल गुन्हेगार ठरवणारी ती दृष्टी साऱ्या मराठी मुलखात मुरली, आणि साहित्यात ती नीतीचा वेष घेऊन आली.

वास्तविक मराठीतली मद्याची महान शोकांतिका सुशिक्षित घरातली आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकर वकील आहे, आणि तळीरामाचे आर्यमदिरामंडळ म्हणजे पिण्याला तात्त्विक बैठक देणाऱ्या बोलघेवड्यांचे विडंबनच. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने जो आरसा धरला, तो शंभर वर्षांनंतरही आपण आपल्याकडे वळवीत नाही. आपला सुधाकर ‘रसिक’ आणि दूरच्या पाड्यावरचा माणूस ‘व्यसनी’, अशी सोयीची फाळणी आपण करून टाकली.

येथे एक आक्षेप रास्तपणे येईल. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. ती जनआंदोलनातून आली, आणि त्यात नवऱ्याचा मार खाल्लेल्या, घरातले धान्य भट्टीवर गेलेले पाहिलेल्या स्त्रियांचा आवाज होता. शेजारच्या चंद्रपुरात 2015 साली बंदी आली आणि 2021 मध्ये उठली, तेव्हाही त्या स्त्रियांचा प्रश्न सुटला नाही. हा आवाज मला कोणत्याही रसचर्चेपेक्षा मोठा वाटतो. दारू यकृत जाळते, ती मोहाची असो वा माल्टची. म्हणून मोहाची महती गाऊन बंदी उठवा, असे मी म्हणत नाही. पण बंदीच्या कायद्यापुढे दोन्ही बाटल्या सारख्याच आहेत. विषमता आपल्या भाषेत आहे. सणाला घरी गाळलेली चार भांडी आणि गूळ-नवसागर घालून धंद्यासाठी चालवलेली भट्टी, यांतला भेद त्या स्त्रियांना कळतो. आपल्या समीक्षेला तो कळत नाही.

दुसऱ्या टोकाच्या रोमँटिकांशीही माझे पटत नाही. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बंगळुरूच्या ‘अमृत’ने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकली. मध्य प्रदेशाने मोहाला ‘हेरिटेज’ मद्याचा मान देऊ केला. आता मोहही सुबक बाटलीत भरा, म्हणजे प्रतिष्ठा मिळेल, असा सल्ला ऐकू येतो. बाटलीला मिळेलही, पहाटे फूल वेचणारीला मिळेल याची हमी काय? शहरी जिभेने पसंतीची मोहोर उठवल्यावरच वस्तू संस्कृती ठरणार असेल, तर निकालपत्र पुन्हा आपल्याच हाती राहिले. काय गाळावे, काय विकावे, काय बंद करावे, हे तेथल्या ग्रामसभेने ठरवावे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील मादक पदार्थांच्या नियमनात ग्रामसभेला स्थान दिलेले आहे, आणि त्याचे महाराष्ट्रातले नियम 2014 मध्ये झाले. तो अधिकार कागदावरून गावात नेणे ही मोठी लढाई आहे. साहित्याच्या शिक्षकाची लढाई लहान आहे, पण त्याची स्वतःची आहे.

ती वर्गात आहे. एम. ए.च्या अभ्यासक्रमात सौंदर्यशास्त्राची पत्रिका वेगळी आणि आदिवासी साहित्याची वेगळी असते. पहिलीत आपण रस शोधतो, दुसरीत वेदना आणि विद्रोह. वेदना खरी आहे, विद्रोहही खरा आहे. पण ज्यांच्याकडून आपण केवळ साक्षच मागतो, त्यांना आस्वादक मानलेले नसते. 2011 पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. घरी माडिया बोलणारी मुले मराठी घेऊन पदवीपर्यंत येतात. आजीच्या हातचे जे ज्ञान, त्याला मराठीत ‘व्यसन’ म्हणतात आणि प्राध्यापकाच्या हातच्या पेल्याला ‘आस्वाद’, एवढे जरी ती आपल्याकडून शिकून गेली, तरी आपण त्यांच्यावर केलेला अन्याय पुरेसा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ह्यूमचे पिंप शिकवाल त्याच तासाला मोहाचे अंगण शिकवा. ताज्या फुलाचा वास, वाळत्या फुलाचा वास, आंबणाऱ्या फुलाचा वास यांना घरात काय म्हणतात, हे त्या विद्यार्थ्यांना विचारा आणि त्यांचे शब्द फळ्यावर लिहा. एखाद्या शब्दाला मराठी पर्याय सापडला नाही, तर ती उणीव माडियाची समजू नका.