चौक लिहिणारीचा सातबारा

सफाळ्याच्या रुळांपाशी उभे राहा. पश्चिमेस समुद्राकडे मांगेले, भंडारी, वाडवळ. पूर्वेस तांदूळवाडीच्या डोंगराकडे वारली, मल्हार कोळी. लग्नघरी तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहावा तो वारली सुवासिनींनी. त्या चित्रकलेस २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आज ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत मिरवते. आनंद आहे! पण जी जमीन ही माणसे कसतात तिचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस चार हेक्टरपर्यंत हक्क कबूल केला, तोही नवराबायकोच्या जोड नावाने. चित्र विकत घेणाऱ्या सुशिक्षितांनो, चौक लिहिणारीचे नाव पट्ट्यावर चढले काय, हेही एकदा विचाराल काय?