अधांतरी ठेवू नका

दिवाळीच्या सुट्टीनंतर पेठमधले एक ओळखीचे चाचा नातवाचे नाव घालायला शाळेत आले. त्यांची लेक चार महिन्यांपासून माहेरी आहे. अर्ज भरता भरता ते थांबले आणि हळूच म्हणाले, "सर, तलाक नकोय आम्हाला. पण आत्ता तिला नांदायला पाठवायलाही मन धजत नाही. मग आमची मुलगी आता कुठल्या हिशोबात धरायची?"

मुलाचे नाव आम्ही लगेच घातले. आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला तरी प्रवेश अडवता येत नाही, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो. चाचांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सवडीने द्यावे लागले. हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे, म्हणून ते इथे मांडतो.

वेगळे राहिल्याने निकाह तुटत नाही. ती पत्नीच असते. हिंदू विवाह कायद्यात आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तलाक न घेता 'न्यायिक विभक्तते'चा हुकूम मागता येतो. आपल्या निकाहासाठी तशी तरतूद नाही. तरी वाटा आहेत.

पहिली वाट कुरआनची. सूरह निसाच्या 35 व्या आयतीत दोन्ही घराण्यांतून एकेक पंच बसवून समेटाचा प्रयत्न करायला सांगितले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने 2002 मध्ये हेच उचलून धरले: योग्य कारण आणि आधी समेटाचा प्रयत्न नसेल, तर नुसते 'तलाक दिला' म्हणणे पुरेसे नाही. म्हणून बैठक झाली की कोण बसले, काय ठरले, हे तारखेसह लिहून सह्या घ्याव्यात. रागात एका दमात तीन तलाक म्हणणे तर 2019 च्या कायद्याने निरर्थक आहेच, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही आहे.

दुसरी वाट लेखी कराराची. मुलगी कुठे राहील, दरमहा किती रक्कम कोणत्या तारखेला येईल, मुलांची फी कोण भरेल, बाप मुलांना कधी भेटेल आणि पुन्हा केव्हा बसायचे, हे सगळे त्यात हवे. इथे एक धोका आहे. पोटगीचे जुने कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झाले आहे. नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर या कलमाखाली पोटगी मिळत नाही. 'दोघे राजीखुशीने वेगळे राहतात' एवढ्याच ओळीवर मुलीची सही घेतली, तर तिचाच हक्क अडचणीत येतो. वेगळे राहण्याचे खरे कारण आणि खर्चाची रक्कम कागदावर आलीच पाहिजे. सहीआधी तो वकिलाला दाखवावा.

तिसरी वाट न्यायालयाची. नवरा पोसत नसेल आणि वेगळे राहण्याला सबळ कारण असेल, तर पत्नी म्हणूनच कलम 144 खाली अर्ज करता येतो. मारहाण, छळ असेल तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, राहत्या घरातला हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. यातल्या कशासाठीही तलाक लागत नाही. जिथे हात उचलला जातो, तिथे सुलह नंतर, जीव आधी. स्त्रीला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा 15100 वर फोन करावा.

आणि नवरा दोन वर्षे खर्चच देत नसेल, तर 1939 च्या कायद्याने पत्नीला निकाह रद्द करून मागता येतो.

सूरह निसाच्याच 129 व्या आयतीत बायकोला लटकत्या अवस्थेत सोडू नका, अशी ताकीद आहे. वेगळे राहणे हा गुन्हा नाही. ना नांदवायचे, ना खर्च द्यायचा, ना सोडायचे, हा जुलूम आहे. मुलीच्या बापानेही 'लोक काय म्हणतील' म्हणून वर्षानुवर्षे गप्प बसू नये.

चाचांच्या घरी दोन्हीकडची माणसे बसली. सहा महिन्यांचा कागद झाला, पहिल्या महिन्याचे पैसे आले. पुढचे अल्लाह जाणे. पण आता मुलीला आपण कुठे उभे आहोत ते माहीत आहे, आणि तिचा मुलगा रोज शाळेत येतो.