जुन्नर एका दिवसात ‘उरकत’ नाही



‘शिवनेरी, लेण्याद्री, ओझर केले की जुन्नर संपले, एक दिवस पुरे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. तालुक्याचा पश्चिम भाग त्यांनी सोडूनच दिला आहे.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आकड्यांनिशी येते. आपल्याकडील अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक. जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण वर घाटमाथ्यावर. पावसाळ्यात तिथे जाणारे बहुतेकजण फक्त धुक्याचे फोटो काढतात, ती गोष्ट वेगळी! तुळजा लेण्यांतले चैत्यगृह तर चक्क गोल आहे, मधल्या स्तूपाभोवती बारा खांब. कुकडी नदीच्या उगमाजवळचे कुकडेश्वर मंदिर, चावंड आणि जीवधन हे किल्ले, हेही याच बाजूला. पूर्वेला खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, ती निराळीच.

निदान दोन दिवस काढा, मुक्काम घाटघरसारख्या गावात करा, म्हणजे चार पैसे तिथल्या घरांत जातील. आणि लेण्यांच्या भिंतींवर स्वतःची नावे कोरू नका.

– एक वाचक, जुन्नर