पंधरा दिवसांचे परतणे

रजेवर घरी निघालेल्या सैनिकांचे विमानतळावर टाळ्यांनी स्वागत करणाऱ्या स्वयंसेवकांविषयी दोन प्रकारचे लेखन आढळते : एक भाविक, दुसरे कुत्सित. भाविकांना तेथे निर्मळ कृतज्ञता दिसते. कुत्सितांना सत्तेच्या प्रचाराला भुललेली भोळी माणसे. आमच्या मते दोघांनीही ही कृती नीट वाचलेली नाही.

आधी वस्तुस्थिती. सप्टेंबर २००३ पासून अमेरिकेने इराक व अफगाणिस्तानातील आपल्या सैनिकांना वर्षभराच्या नेमणुकीत पंधरा दिवसांची रजा देण्यास प्रारंभ केला. त्यांची विमाने पुढे प्रामुख्याने अटलांटा आणि डॅलस-फोर्ट वर्थ येथे उतरू लागली. डॅलसला अग्निशमन दलाचे बंब विमानावर पाण्याची कमान धरीत. आत झेंडे घेतलेली मुले, निवृत्त माणसे, व्हिएतनाम युद्धातील जुने सैनिक दुतर्फा उभे राहत. २०१२ साली थांबलेल्या या उपक्रमाचे नाव होते 'वेलकम होम अ हीरो'.

आमचा पहिला आक्षेप या नावालाच आहे. वीराचे घरी परतणे हा कथेचा शेवट असतो. राम अयोध्येला येतो, ओडिसियस इथाकेला पोचतो, तेव्हा युद्ध मागे पडलेले असते. रजेवरचा सैनिक मात्र कथेच्या मध्यावर उभा आहे. पंधरा दिवसांनी त्याला त्याच रणांगणावर जायचे आहे. शेवटाचे शब्द मध्यावर वापरले की सोय होते ती टाळ्या वाजवणाऱ्यांची. त्यांच्यापुरते युद्ध त्या दालनातच संपते.

दुसरा आक्षेप या स्वागतामागील कथेला आहे. व्हिएतनामहून परतणाऱ्या सैनिकांवर विमानतळांवर लोक थुंकले, ही कथा अमेरिकेत सर्वतोमुखी आहे. स्वतः त्या युद्धात गेलेले समाजशास्त्रज्ञ जेरी लेम्बके यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात तिचा माग काढला. त्या काळातील विश्वासार्ह पुरावा त्यांना आढळला नाही. त्यांच्या निष्कर्षावर वाद झाले आहेत. परंतु कथेचे कार्य त्या वादावर अवलंबून नाही. तिच्यामुळे टाळी हे प्रायश्चित्त ठरले आणि युद्धाविषयीचा प्रश्न हा सैनिकाचा अपमान ठरला. एखादी कथा प्रश्नकर्त्याचे तोंड अशा रीतीने बंद करते, तेव्हा ती तपासणे हे समीक्षेचे कामच आहे.

आता कुत्सितांकडे वळू. मेन राज्यातील बॅंगोर येथे १९९१ च्या आखाती युद्धापासून स्वयंसेवक हेच काम करीत आले आहेत. त्यांनी हस्तांदोलन केलेल्या सैनिकांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे. अ‍ॅरन गॉडेट यांचा 'द वे वुई गेट बाय' हा २००९ चा माहितीपट त्यांच्यापैकी तिघा वृद्धांवर आहे. त्यांत दिग्दर्शकाची आईही आहे. आजार, एकाकीपण, कर्ज यांनी वेढलेली ही माणसे अपरात्री विमानतळ गाठतात आणि घरी बोलण्यासाठी सैनिकांच्या हाती फोन देतात. ती परतणाऱ्यांना भेटतात, तशीच निघालेल्यांनाही निरोप देतात. कथा संपलेली नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना भोळे म्हणणाऱ्याने माणसे पाहिलीच नाहीत, केवळ आपला सिद्धान्त पाहिला.

राजकारण दाराबाहेर ठेवायचे, असा या स्वयंसेवकांचा शिरस्ता आहे. यजमानाचा शिष्टाचार म्हणून तो आम्हांस मान्य आहे. दमून उतरलेल्या विशीतल्या मुलाशी युद्धाच्या समर्थनीयतेवर वाद घालू नये, हे कोणीही मान्य करील. मात्र तोच शिरस्ता वर्गात आणि समीक्षेत आणला जातो, तेथे आमचा विरोध आहे. १९७३ साली अमेरिकेतील सक्तीची भरती संपली. तेथील लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी माणसे आज गणवेशात आहेत. उरलेल्यांवर त्यांचे ऋण आहे, यात संशय नाही. टाळी हा त्या ऋणाचा सर्वांत स्वस्त हप्ता आहे. ह्यांना कशासाठी पाठवले, हे पाठवणाऱ्यांना विचारणे हा महाग हप्ता. तो बहुतेकांनी थकवलेला आहे.

तेव्हा त्या दालनातील अश्रू खरे की खोटे, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी सोडून द्यावा. अश्रू खरेच असतात. विचारायचे ते असे की, त्या टाळ्यांच्या आवाजात कोणता प्रश्न ऐकू येईनासा झाला, आणि तो तसा होण्यात सोय कोणाची होती.