मोबाईल म्हणजे आता घरातली पेटीच



माझ्या आजीची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक, एटीएम कार्ड आणि आजोबांचा एक फोटो आहे. पेटीला कुलूप आहे आणि चावी आजीच्या कमरेला असते. मी एकदा चावी मागितली तर आजी बोलली, "मोठी हो, मग बघ." बाबांनासुद्धा ती चावी देत नाही. पण ह्याच आजीचा मोबाईल ओट्यावर नुसता पडलेला असतो. कोणीही घ्यावा, कोणीही उघडावा. काकांनी नवीन घेतला तेव्हा जुना आजीला दिला, त्याला कुलूपच नव्हते.

मला हे उलटे वाटते. पेटीत जे आहे त्या सगळ्याचे फोटो आता मोबाईलमध्ये आहेत. आधार कार्डाचा फोटो आहे, पासबुकाच्या पहिल्या पानाचा आहे, माझ्या जातीच्या दाखल्याचासुद्धा आहे. शिवाय बँकेचा मेसेज तिथेच येतो. म्हणजे खरी पेटी मोबाईलच झाली.

आता मी माझी चूक लिहिते. गुरुजी म्हणाले, लिहायची तर सगळी लिही.

२०२५ च्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. भातकापणी चालू होती. आईबाबा शेतावर होते. घरी मी आणि आजी. फोन आला. माणूस गोड बोलत होता. "लाडकी बहीण योजनेच्या ऑफिसातून बोलतोय. आजींची केवायसी राहिली आहे, हप्ता बंद होईल." तेव्हा गावात सगळीकडे केवायसीचीच गडबड होती, म्हणून आम्हाला खरेच वाटले. आजीला अक्षर वाचता येत नाही. तो बोलला, "घरात कोणी शिकलेले आहे का?" आजीने मला पुढे केले. मला फार बरे वाटले, कारण माझे वाचन वर्गात चांगले आहे.

त्याने एटीएम कार्ड मागितले. आजीने कमरेची चावी स्वतःच काढली, पेटी उघडली आणि कार्ड माझ्या हातात दिले. बाबांना न मिळणारी चावी त्या माणसासाठी निघाली. मी पुढचे १६ आकडे वाचले, मग मागचे ३ वाचले. मग मोबाईलवर मेसेज आला, त्यातले ६ आकडेही वाचले. तो बोलला, "शाब्बास बाळा." थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला की ३००० रुपये गेले. आजीचे दोन महिन्यांचे हप्ते होते ते.

त्याच्या पुढची माझी चूक जास्त मोठी आहे. मी सांगितले नाही. बाबा मारतील म्हणून तो मेसेज पुसून टाकला आणि अभ्यासाला बसले. रात्री जेवताना रडू आले तेव्हा सांगितले. बाबांनी आधी एक धपाटा दिला, मग आईला बोलले, मग आजीला बोलले, मग शेजारचे दादा आले. त्यांनी १९३० हा नंबर लावला. पैसे चोरीला गेले तर हा सरकारी नंबर आहे. त्यांनी बँकेचे नाव, खाते नंबर, किती वाजता किती गेले हे सगळे विचारले. वेळ आणि व्यवहाराचा नंबर मी पुसलेल्या मेसेजमध्ये होता. मग बँकेला फोन करून कार्ड बंद केले. तोपर्यंत सहा तास झाले होते. पैसे अजून आलेले नाहीत.

दादांनी सांगितले की १९३० ला जेवढ्या लवकर कळवू तेवढे बरे, म्हणजे पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता येतात. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली नियमही केला होता. आपण स्वतः आकडे सांगितले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे, असा तो होता. म्हणून माझे पालकांना हात जोडून सांगणे आहे की आधी १९३० लावा आणि मग धपाटा द्या. धपाट्याच्या भीतीनेच मुले लपवतात. मी तरी त्याच भीतीने लपवले.

आणि घरात जो वाचून दाखवतो त्याला आधी शिकवा. आपल्या आटगावात पुष्कळ आज्या-आजोबांचे मेसेज आपण मुलेच वाचतो. पण कोणते वाचायचे नाहीत हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. खरी केवायसी सरकारच्या संकेतस्थळावर आपणच करायची होती, त्यात एटीएम कार्ड लागतच नव्हते. आणखी एक मला तेव्हा माहीत नव्हते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. कोणी "पैसे पाठवतो, पिन टाक" बोलला तर तो घेणाराच आहे.

आता थोडे आपल्या मुलांबद्दल, राग मानू नका. मोबाईलला कुलूप नको असा हट्ट आपलाच असतो, गेम खेळायला. कोणी पाठवलेल्या लिंकवरून गेम घेतो. लग्नपत्रिका म्हणून फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असते. ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. ते आत बसून मेसेज वाचते. लग्नाला जायचे तर नवरीच्या घरी विचारावे.

पिन कोणता ठेवावा ह्याचे मी गणित केले. ०००० पासून ९९९९ पर्यंत १०००० पिन होतात. सहा अंकी घेतला तर १० लाख. एवढे असून आमच्या वर्गात मी विचारले तर पुष्कळांच्या घरी १२३४ किंवा जन्मसाल निघाले! (मी विचारले आणि त्यांनी सांगितले, हेसुद्धा चूकच.) बाबांनी तर पिन चिठ्ठीवर लिहून कव्हरात ठेवला होता. तो मी काढायला लावला.

माझे काका कसारा लोकलने ठाण्याला कामाला जातात. दारात उभे असताना खालून कोणीतरी हातावर काठी मारली आणि मोबाईल पडला. मोबाईलला कुलूप होते, पण चोराने सिमकार्ड काढून दुसऱ्या मोबाईलमध्ये घातले तर ओटीपी त्यालाच मिळतो. म्हणून काकांनी लगेच सिम बंद करायला लावले. सिमलासुद्धा वेगळा पिन लावता येतो. *#०६# दाबले की १५ आकडे दिसतात, तो मोबाईलचा स्वतःचा नंबर. तो वहीत लिहून ठेवला तर संचार साथी ह्या सरकारी संकेतस्थळावरून चोरीचा मोबाईल बंद करता येतो. काकांनी लिहिलेला नव्हता, खोक्यावर सापडला.

बाबा बोलतात, "आपल्या खात्यात काय आहे चोरायला?" बाबा, ३००० होते. आई बोलते, कुलूप लावले आणि आजी रस्त्यात पडली तर फोन कसा करणार? कुलूप असले तरी ११२ लागतो, मी पाहिले आहे.

आजीला अंक ओळखता येतात, पण पिन पाठ राहत नव्हता. मग दादांनी नऊ ठिपक्यांचे कुलूप दाखवले. ठिपक्याला ठिपका जोडून रेघ ओढायची. आजी हसली आणि बोलली, "ही तर रांगोळी." तिने एकदाच काढली आणि तिच्या लक्षात राहिली. कोणती काढली ते मला माहीत नाही. ती काढताना पाठ फिरवते आणि काचेवर बोटाची रेघ उमटते म्हणून नंतर पदराने पुसते.

— इयत्ता चौथी