गाडी कोण चालवत होतं?

आमच्या सोसायटीचं फाटक लोखंडी आहे आणि दर दिवाळीआधी त्याला चंदेरी रंग दिला जातो. गेल्या महिन्यात त्या चंदेरी रंगाचा एक लांबलचक पट्टा आमच्या निळ्या गाडीच्या डाव्या अंगावर उमटलेला दिसला. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सगळं खरवडलेलं. साहजिकच माझा पहिला संशय गाडी पुसणाऱ्या मुलावर गेला, दुसरा क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर आणि तिसरा पाण्याच्या टँकरवर. वॉचमनला विचारलं, तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, घरी विचारा."

घरात गाडी चालवणारी माणसं दोनच. एक मी आणि दुसरे अण्णा, म्हणजे माझे वडील. वय वर्षं 76. "पोस्टात गेलो होतो. सांगणारच होतो तुला," एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. मी पुढे काही विचारलं नाही. याच माणसाने प्रीमियर पद्मिनी सोळा वर्षं चालवली आणि तिला कधी नखभर ओरखडा येऊ दिला नव्हता. रोज सकाळी पिवळं फडकं घेऊन ते तिला देव पुसावेत तसे पुसत. त्यांना काय विचारायचं?

गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या तरुणाने दोन्ही दारांवरून हात फिरवला आणि चौदा हजारांचा आकडा सांगितला. "पण तुम्ही कशाला खिशातून देताय सर? इन्शुरन्समध्ये टाकू." फॉर्म समोर आला. अपघात कुठे झाला, कधी झाला, आणि मग तो रकाना: गाडी कोण चालवत होतं? नाव, परवान्याचा क्रमांक, परवान्याची मुदत. मी घरी फोन लावला. अण्णांनी परवाना शोधून वाचून दाखवला. मुदत संपून आठ महिने झाले होते. पंचावन्न वर्षांनंतर परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं आणि माझ्या तर कधी डोक्यातही आलं नव्हतं.

माझा चेहरा बघून तो तरुण समजायचं ते समजला. "तुमचं नाव टाका ना सर. सगळे तेच करतात. आणि मागचा बंपरही खरचटलाय, तोही यातच बसवू." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. एखाद्याला रस्ता सांगावा इतक्या सहज तो बोलत होता. मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि "उद्या सांगतो" म्हणून घरी आलो.

खरं सांगायचं तर मला अडवलं ते सचोटीने नाही, हिशेबाने. रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वर्षभर दावा केला नाही, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो हप्ता असतो त्यावर सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. या सुटीला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. माझी सूट 45 पर्यंत चढली होती, पुढच्या नूतनीकरणाला ती 50 होणार होती. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि शिडी पुन्हा तळापासून चढावी लागते. माझा सुटीआधीचा हप्ता आठ हजार धरला, तर पहिल्या वर्षी चार हजार जास्त भरायचे, मग चोवीसशे, दोन हजार, बाराशे, चारशे. बेरीज दहा हजार. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, त्यामुळे आकडा थोडा कमी भरेल, पण अंदाजाला पुरेसा आहे.

आता हातात काय येणार ते पाहू. चौदा हजारांत एक हजार रुपये आपण सोसायचे, हे पॉलिसीतच लिहिलेलं असतं. लहान इंजिनाच्या गाडीला हजार, 1500 सीसीच्या वरच्या गाडीला दोन हजार. शिवाय रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा रंगाच्या सामानाचा धरतात आणि त्यावर निम्मी घट कापतात. घट न कापणारं जादा संरक्षण मी घेतलेलं नाही. म्हणजे साडेतीन हजारांचे निम्मे, सतराशे पन्नास गेले. उरले अकरा हजार अडीचशे. त्यातून गमावलेले दहा हजार वजा केले, की राहतात साडेबाराशे रुपये. साडेबाराशे रुपयांसाठी मी एका कागदावर खोटी सही करायला निघालो होतो!

वाचकांपैकी कुणी म्हणेल, रक्कम साडेबाराशेऐवजी सव्वा लाख असती तर? प्रश्न बरोबर आहे आणि मला तो टाळायचा नाही. तेव्हा मोह मोठा झाला असता. पण धोकाही तितकाच मोठा. खोटी माहिती दिल्याचं उघड झालं, तर कंपनी सगळा दावाच नाकारू शकते. आणि मुदत संपलेल्या परवान्यावर गाडी चालवली जात होती, हे तर तसंही पॉलिसीच्या अटीत बसत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही ती वेगळ्याच विचाराने. फाटकाच्या खांबाजागी एखादं शाळकरी पोर असतं तर? तिथे विमा कंपनीने त्या कुटुंबाला भरपाई दिली असती, तरी नंतर ती गाडीच्या मालकाकडून, म्हणजे माझ्याकडून, वसूल होऊ शकते. आणि पैशाने भरून न येणारं जे असतं, ते आयुष्यभर घरात येऊन बसलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी ठरवलं, होईल तेवढं घरीच करायचं. अण्णा न बोलावता खाली आले, हातात तेच पिवळं फडकं. "आधी कोरडं पुसून घेऊ," म्हणाले. मी थांबवलं. आपल्याकडची निम्मी दुखणी या कोरड्या पुसण्यातूनच येतात. धुळीतली बारीक कच फडक्याखाली घासली जाते आणि उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. पहाटे एकाच बादलीत दहा गाड्या पुसणारा मुलगा तरी काय वेगळं करतो? आम्ही गाडी सावलीत घेतली, आधी नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ उतरवली, मग दोन बादल्या घेतल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं खळबळून घ्यायला साधं पाणी. भांड्यांचा साबण घेतला नाही, तो वॅक्सचा हात उतरवतो.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. वरचा पारदर्शक थर 40-50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. शोरूमची सगळी चकाकी एवढ्यात असते आणि प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं खरवडून नेतं. अण्णांच्या पद्मिनीला पॉलिश केलं की फडक्याला रंग लागायचा. आजच्या गाडीत तसं झालं, तर समजावं की आपण फार खोल गेलो. दुकानात जे सिरॅमिक कोटिंग विकतात, तो थर तर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. त्याने पाणी झरकन ओघळतं, धुणं सोपं होतं. लोखंडी खांब त्याने अडत नाही.

ओरखड्यावरून नख फिरवावं. नख अडकलं नाही, तर जखम वरवरची. आमच्या पट्ट्यातला बराचसा भाग फाटकाचाच रंग होता, गाडीवर चिकटलेला. पॉलिशिंग कंपाउंडने हलक्या हाताने तो निघत गेला. पुढचं दार जवळजवळ पहिल्यासारखं झालं. मागच्या दारावर मात्र बोटभर रेघ पत्र्यापर्यंत गेली होती. पावसाळ्यात तिथे गंज धरू नये म्हणून टच-अपचा रंग बारीक ब्रशने भरला. ती रेघ दिसते, दिसणारच.

ती भरत असताना अण्णा शेजारी उकिडवे बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "डावीकडचा खांब मला दिसलाच नाही रे. हल्ली डावीकडचं धुरकट दिसतं."

मी ब्रश खाली ठेवला. मी फॉर्मवर माझं नाव लिहिलं असतं, तर वर्कशॉपने दोन्ही दारं कोरी करकरीत करून दिली असती, अण्णांनी वर्तमानपत्र वाचलं असतं आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा पोस्टात गेले असते. कागदावरचं खोटं कंपनीला किती फसवतं ते कंपनी जाणे. पण घराला ते नक्की फसवतं. अपघात झालाच नाही, असं आपणच आपल्याला लिहून देतो.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितला आहे. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात. त्यानंतर ते परवान्याला लागणारं डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्यायचं की नाही ते ठरवतील. तोवर गाडीची किल्ली अण्णांनी आपण होऊन माझ्या टेबलावर आणून ठेवली. ती ठेवताना त्यांचा हात जरा रेंगाळला, ते मी पाहिलं नाहीसं केलं.

आज रविवार आहे. गाडी धुवायला बादली भराल, त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांचा परवाना एकदा मागून घ्या. मुदत बघा. आणि जमलं तर शेजारी बसून विचारा, दिसतं ना नीट?