आधी पेडल, मग डिस्क

‘ड्रम काढून डिस्क बसवली, तरी गाडी थांबवायला पूर्वीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो.’ जुन्या अमेरिकी मसल कारवर काम करणाऱ्या वर्कशॉपना ही तक्रार नवी नाही. मेकॅनिक पुन्हा हवा काढतो, पॅड बदलून पाहतो आणि शेवटी किटच्या नावाने बोटं मोडतो. किटचा दोष मात्र क्वचितच असतो. पुढच्या चाकावर काय बसणार एवढंच पाहून ऑर्डर गेलेली असते. पेडल, मास्टर सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांचा हिशेब कोणी मांडलेलाच नसतो. हा हिशेब आधी व्हावा आणि पेटी नंतर मागवली जावी, एवढंच या वेळी सांगायचं आहे.

बदलाची गरज खरी आहे. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ घ्या. ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३२५ अश्वशक्ती, तीन कार्बोरेटर घेतले तर ३४८. वजन दीड टनाच्या वर, आणि हे सगळं आवरायला चारही चाकांवर साडेनऊ इंची ड्रम. ताशी १०० किलोमीटरवरून ही गाडी थांबवताना सुमारे ६०० किलोजूल ऊर्जेची उष्णता होते आणि तिचा मोठा वाटा ड्रम नि लायनरमध्ये शिरतो. पहिला कडक ब्रेक ठीक लागतो. लगोलग दुसरा-तिसरा मारला की तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, लायनरची पकड सुटत जाते आणि पेडल खाली खाली जातं. डिस्क उघड्या हवेत फिरते, तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते, आणि पाण्यातून गेल्यावर पॅड तिला लगेच पुसून काढतात.

‘पण गाडीचं मूळपण जातं’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. फोर्डने १९६५च्या मस्टँगला केल्सी-हेजच्या पुढच्या डिस्क पर्याय म्हणून दिल्या होत्या. त्याच वर्षी कॉर्व्हेटला चारही चाकांवर डिस्क आल्या. १९६७मध्ये जीटीओ, शेव्हेल आणि नव्या कॅमेरोलाही पुढच्या डिस्क मागवता येत होत्या. म्हणजे त्या घराण्यातलेच भाग वापरून केलेला बदल परका ठरत नाही. मात्र जिची किंमतच कारखान्यातून निघालेल्या अवस्थेत टिकून राहण्यात आहे, अशी गाडी समोर आली तर मालकाला स्पष्ट सांगावं की ड्रमच नीट करून घ्या. हायवेवर नियमित निघणाऱ्या गाडीचा विचार वेगळा.

आता पेडल जड का होतं ते पाहू. या गाड्यांचे बहुतेक ड्रम ड्युओ-सर्व्हो पद्धतीचे. पुढचा शू फिरत्या ड्रमला टेकला की ड्रमच त्याला आपल्याबरोबर ओढतो; तो खालच्या अ‍ॅडजस्टरमधून मागच्या शूला ढकलतो आणि मागचा शू वरच्या अँकर पिनवर रेटून ड्रमला आणखी घट्ट धरतो. गाडीची गतीच ब्रेक लावायला हातभार लावते, म्हणून कमी दाबात काम भागतं. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. पॅड जेवढा दाबाल तेवढाच धरतो. त्यामुळे कडक ब्रेकसाठी पुढच्या लाइनमध्ये साधारण ९०० ते १,२०० पीएसआय दाब उभा राहावा लागतो.

तो कुठून आणायचा? समजा, पाय पेडलवर ३५ किलोंचा जोर देतो आणि पेडलचं गुणोत्तर ६ आहे. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर २१० किलो पडले. बोअर सव्वा इंचाच्या किंचित आत, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच असेल तर दाब ४६५ पीएसआयच्या आसपास. तोच बोअर एक इंचाचा केला तर ५९० आणि सात अष्टमांशाचा केला तर ७७०. बोअर लहान करत गेलात की दाब वाढतो, पण पेडलचा प्रवासही वाढतो, आणि कॅलिपरचे मोठे पिस्टन हलवायला तेल पुरेल का हा प्रश्न उभा राहतो. म्हणून बूस्टर येतो. बूस्टर लावल्यावर गुणोत्तर ४ ते ५ च्या दरम्यान हवं. जीएमच्या अनेक पेडलांना दोन भोकं असतात ती यासाठीच. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि कामाच्या कार्डावर तो लिहिलेला असला पाहिजे.

बूस्टर लावायचा तर आधी व्हॅक्यूम गेज लावा. रेसिंगची कॅम टाकलेलं इंजिन आयडलला जेमतेम १० इंच व्हॅक्यूम देतं, आणि बूस्टरला १६ ते १८ इंच लागतात. अशा गाडीला व्हॅक्यूम पंप, नाहीतर पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट द्यावा लागतो. दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे. बूस्टरसाठी केलेल्या मास्टरच्या दट्ट्यातला खड्डा उथळ असतो. तोच मास्टर बूस्टरशिवाय वापरला तर पेडलचा पुशरॉड खड्ड्यातून निसटून खाली पडू शकतो. मास्टर पारखताना दट्ट्याच्या तोंडात एक सळी घालून खोली मोजून घ्या. आणि १९६६पर्यंतच्या गाडीत एकेरी मास्टर असेल तर तो काढणं हे या कामातलं पहिलं काम समजा. एक लाइन फुटली की चारही चाकं जातात. दुहेरी मास्टर अमेरिकी गाड्यांत १९६७च्या मॉडेलपासून सर्रास आला.

व्हॉल्व्हच्या बाबतीत आपल्याकडे सर्वांत जास्त अंदाजपंचे चालतं. ड्रमच्या मास्टरच्या तोंडाशी साधारण १० पीएसआय दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. व्हील सिलिंडरच्या रबराची कड भिंतीला टेकून राहावी म्हणून. तोच मास्टर डिस्कला ठेवलात तर पॅड कायम घासत राहतात, डिस्क तापते, आणि मालक म्हणतो गाडी जाम चालते. पुढे डिस्क, मागे ड्रम असेल तर मीटरिंग व्हॉल्व्ह लागतो; मागच्या शूंच्या स्प्रिंग ताणल्या जाईपर्यंत तो पुढचा दाब क्षणभर रोखतो. ब्रेक कडक लागल्यावर मागचा दाब पुढच्याइतका वाढू न देणं हे प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचं काम. कॉम्बिनेशन व्हॉल्व्हमध्ये हे दोन्ही असतात, म्हणून त्याच्यापुढे आणखी एक अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह जोडायचा नाही. वापरायचा तर आतला आधी काढा.

चाकाकडच्या चुका लगेच दिसतात, म्हणून त्यांवर थोडक्यात. १४ इंची जुनी रिम अनेक कॅलिपरना घासते, ऑर्डरआधी तपासा. क्रायस्लरच्या ए-बॉडी गाड्यांत १९७२पर्यंत चाकाचे पाच बोल्ट ४ इंची वर्तुळावर होते आणि १९७३पासूनच्या डिस्कवर साडेचार इंची, तेव्हा पुढे-मागे वेगवेगळी रिम लागण्याची पाळी येते. दुसऱ्या मॉडेलचं उंच स्पिंडल घेतलंत तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना स्टीअरिंग आपोआप वळतं का ते पाहा. निपल खाली आणि हवा वर अशी अवस्था झाली असेल तर डावं-उजवं कॅलिपर उलटं बसलंय. दिवसभर हवा काढली तरी ती निघणार नाही. आणि जुन्या शूंच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ती कंप्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने काढा.

मागेही डिस्क बसवायची का? रस्त्यावरच्या गाडीला सहसा नाही. ब्रेक लागताना वजन पुढे येतं आणि मागच्या चाकांच्या वाट्याला थोडंच काम उरतं. तेवढं नीट घासलेला, नीट सेट केलेला ड्रम निभावून नेतो. मागच्या डिस्कमुळे हँडब्रेकची नवी कटकट मात्र नक्की मागे लागते. तो पैसा चांगल्या टायरवर घालवायला मालकाला सांगा.

आपल्याकडे नोंदणीचाही प्रश्न आहे. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी होते आणि त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. तेव्हा मालकाचा तसा विचार आहे का, हे काम घेण्याआधीच विचारा. कापाकापी नको, वेल्डिंग नको, सगळं बोल्टवर बसलं पाहिजे, आणि काढलेले ड्रम, बॅकप्लेट, स्पिंडल, मास्टर चिठ्ठी लावून मालकाच्या स्वाधीन झाले पाहिजेत.

शेवटचा मुद्दा गाडी देण्याचा. स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज कुठे ताणतो-घासतो ते पाहा. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर, कमी वेगापासून सुरुवात करून कडक ब्रेक मारा आणि कोणती चाकं आधी अडकतात ते बाहेर उभ्या माणसाकडून पाहून घ्या. पुढचीच आधी अडकली पाहिजेत. मागची अडकली की गाडी स्वतःभोवती फिरते आणि कितीही भारी डिस्क असली तरी ती वाचवत नाही. बोअर, पेडलचं गुणोत्तर, व्हॅक्यूम, पुढच्या-मागच्या लाइनचा दाब आणि या चाचणीचा निकाल एका कागदावर लिहून त्यावर सही करा. एक प्रत मालकाला, एक तुमच्या फायलीत. हा कागद तयार नसेल तर किल्ली देऊ नका, मालक दारात उभा असला तरी.